आठच्या नोव्हेलेची नायिका

2009 सालच्या एका दिवाळी अंकात माझा एक लेख छापून आला होता. तो मी साओ पावलोहून लिहिला होता. संपादकांनी मुदत दोनदा वाढवून दिली, कारण 14 सप्टेंबरला ब्राझीलच्या ग्लोबो वाहिनीवर एक नवी मालिका सुरू व्हायची होती आणि तिचा पहिला आठवडा पाहिल्याशिवाय मला लेख हातावेगळा करायचा नव्हता. त्यातलं शेवटचं वाक्य मला अजून पाठ आहे : 'ब्राझीलने काळ्या मुलीला देशाच्या सर्वांत मोठ्या मालिकेची नायिका केलं, त्यांचा प्रश्न सुटला, आपला कधी सुटणार?'

त्या वाक्याचं कौतुक झालं. काही वाचकांनी पत्रांत नेमकं तेच वाक्य उतरवून पाठवलं. दिवाळी होऊन महिना उलटायच्या आत ते माझ्या डोळ्यांदेखत खोटं ठरलं, आणि तरीही पुढची काही वर्षं मी ते भाषणांत वापरत राहिले. आज ते मागे घेते आहे. का, ते नीट सांगायला हवं.

पोर्तुगीज मी पणजीत शिकले. त्या भाषेच्या जोरावर एका कारखान्यात दुभाषाचं काम मिळालं आणि 2008 मध्ये मी ब्राझीलला गेले, तीन वर्षं राहिले. भाषा कानात मुरावी म्हणून संध्याकाळी घरी आल्या आल्या टीव्ही लावायचे. टीव्ही म्हणजे नोव्हेला. तिथे मालिकेला हाच शब्द आहे. आपल्या मालिकांसारखी ती वर्षानुवर्षं चालत नाही. सोमवार ते शनिवार रोज एक भाग, आणि सात-आठ महिन्यांत खेळ खलास. ग्लोबोवर सहाची नोव्हेला, मग सातची, मग राष्ट्रीय बातम्या आणि त्यानंतर दिवसातली सर्वांत मोठी. तेव्हा लोक तिला 'आठची नोव्हेला' म्हणत, लागायची मात्र नऊच्या सुमारास. दुसऱ्या दिवशी बसमध्ये, बेकरीत, कारखान्याच्या जेवणघरात रात्रीच्या भागाशिवाय दुसरा विषय नसे.

मानोएल कार्लोस हे या वेळेचे नाणावलेले लेखक. त्यांच्या नायिकेचं नाव दर वेळी एकच असायचं, एलेना. लिहिताना हेलेना, पण पोर्तुगीजमध्ये तो ह उच्चारत नाहीत. ती रिओच्या लेब्लों या समुद्रकाठच्या श्रीमंत वस्तीत वावरणारी, शिकलेली, प्रेमात चुका करणारी आणि तरी मान ताठ ठेवणारी बाई. 1981 पासून जेवढ्या एलेना झाल्या तेवढ्या सगळ्या गोऱ्या. रेजिना दुआर्ते ही नटी तर तीनदा एलेना झाली. आणि 2009 च्या 'व्हिव्हेर आ व्हिदा'ची एलेना होती ताईस अराउजो. काळी. मालिकेत ती नामांकित मॉडेल. 'काळी' हा शब्द मी इथे मुद्दाम वापरते आहे. तिथल्या चळवळीने हा शब्द अभिमानाने अंगावर घेतला आहे, तो गुळगुळीत करण्याचा अधिकार मला नाही.

ताईसची वाट मला ठाऊक होती. 1996 मध्ये मांशेत वाहिनीच्या 'शिका दा सिल्वा'त ती विशीही गाठायच्या आधी नायिका झाली होती. 2004 मध्ये ग्लोबोच्या सातच्या नोव्हेलेत. त्या नोव्हेलेचं नाव होतं 'दा कोर दो पेकादो', म्हणजे 'पापाच्या रंगाची'. काळ्या नायिकेची मालिका आणि तिचं नाव हे, याचं मला त्या वेळी काहीच वाटलं नव्हतं. मला दिसत होती ती फक्त शिडी. एक वाहिनी, मग मोठी वाहिनी, सातची वेळ, मग आठची. शेवटच्या पायरीवर ती पोचली होती, आणि शिडी तिथेच संपते असं मी धरून चालले होते.

माझी ही समजूत हवेतून आलेली नव्हती. पेले, सांबा आणि कार्निव्हल मनात घेऊनच मी विमानात बसले होते. तिथे गेल्यावर जिलबेर्तो फ्रेइरे यांचं 1933 चं गाजलेलं पुस्तक वाचलं, मालकाचा वाडा आणि गुलामांच्या कोठड्या यांच्याबद्दलचं. गोरे, काळे आणि मूळ रहिवासी यांच्या सरमिसळीतूनच हा देश घडला, हीच त्याची ताकद, असा त्याचा सूर. त्यातूनच पुढे 'वांशिक लोकशाही'ची कल्पना देशभर रुजली. इथे रंग अनेक आहेत पण भेद नाही, असं मला चांगली शिकलेली माणसं सांगत, आणि मला ते मनापासून खरं वाटे. कुणी माझ्या रंगाकडे वळून बघत नव्हतं. मी त्यांच्यातलीच एक दिसत होते.

त्या वर्षी भारतही त्यांच्या घरात होता. जानेवारी ते सप्टेंबर याच वेळेला 'कामिन्यो दास इंदियास' म्हणजे 'भारताची वाट' ही ग्लोरिया पेरेझ यांची नोव्हेला चालली. काही चित्रीकरण भारतातलं, सगळी भारतीय पात्रं मात्र ब्राझीलच्या नटांनी केलेली. आमच्या गल्लीतली पोरं मला बघितलं की 'अरे बाबा' ओरडायची, कारण मालिकेत ज्याच्या त्याच्या तोंडी तेच होतं. एका ब्राह्मणाने वाढवलेला बाउआन नावाचा दलित तरुण तिच्यात नायक होता, आणि ते काम मार्सिओ गार्सिया या गोऱ्या नटाकडे होतं. पुढे प्रेक्षकांना व्यापारी घरातला सवर्ण राज जास्त आवडायला लागला आणि कथा त्याच्याकडे वळली. बाउआन मागे पडला. मालिकेला त्या वर्षीचा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला.

मी चिडले होते. कारखान्यात सगळ्यांना ऐकवलं, की आमच्या दलिताचं काम गोरा नट करतो म्हणजे काय? 'आमच्या दलिताचं' हे शब्द किती सहज माझ्या तोंडून गेले! माझ्या माहेरी कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा असे. मोरीच्या खिडकीत पालथा घातलेला. मी मोठी झाले, शिकले, तो कप रोज पाहिला आणि आईला कधी एका शब्दाने विचारलं नाही. ही मी, ब्राझीलच्या वाहिनीला जाब विचारत होते.

आमच्या इमारतीत दोन लिफ्ट होत्या. एक राहणाऱ्यांची, एक सामानाची आणि कामाच्या माणसांची. तिथल्या बहुतेक जुन्या इमारतींत अशाच असतात. साओ पावलो शहरात 1996 पासून कायदा आहे, की लिफ्ट वापरताना कुणाशीही वंश, रंग, लिंग यांवरून भेदभाव करता येणार नाही, आणि तशी पाटी लिफ्टपाशी लावलेली असते. आमच्याकडेही होती. एका शनिवारी मी बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आले. नवा द्वारपाल होता. त्याने अगदी अदबीने मला मागच्या लिफ्टकडे हात दाखवला. मी म्हणाले, 'मी इथे राहते.' आवाज चढला होता. तो बिचारा ओशाळला, दार उघडून उभा राहिला, आणि मी त्या पाटीशेजारून वर गेले.

त्या प्रसंगाला 'माझ्याशी झालेला भेदभाव' म्हणून मी बरीच वर्षं सांगत आले. खरं ते असं, की मला भेदाचा राग आलाच नव्हता. मला चुकीच्या लिफ्टमध्ये मोजल्याचा राग आला होता. तीच मागची लिफ्ट आठवड्यातून दोनदा जी बाई वापरायची, तिच्याबद्दल मी द्वारपालाशी कधी वाद घातला नाही.

ती बाई आमच्याकडे साफसफाईला यायची. शहराच्या पूर्व टोकाकडून दोन बस बदलून. तिचं नाव इथे देत नाही. तिथे नावाआधी आदराने 'दोना' लावतात, तेवढंच इथे पुरे. दोना काळी होती, बत्तिशीच्या आसपासची, नऊ वर्षांच्या मुलीची आई. 'व्हिव्हेर आ व्हिदा' सुरू झाली तेव्हा आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या त्यावर तासभर गप्पा मारल्या होत्या. तिने मुलीला सांगून ठेवलं होतं, की ही नोव्हेला आपण दोघींनी बघायची, उशीर झाला तरी चालेल. माझ्या लेखातला आनंद निम्मा तिच्याकडूनच आलेला होता.

नोव्हेंबरचा मध्य. 20 तारखेला तिथे काळ्यांच्या जाणिवेचा दिवस पाळतात. गुलामीतून पळालेल्यांच्या पाल्मारेस वसाहतीचा नेता झुंबी 1695 मध्ये त्या तारखेला मारला गेला. त्याच आठवड्यात नोव्हेलेत तो प्रसंग आला. एलेनाच्या नवऱ्याची पहिल्या लग्नाची मुलगी लुसियाना अपघातात कायमची अपंग होते. ती ज्या बसमध्ये होती त्या बसने तिला जायला लावलं एलेनाने, म्हणून दोष एलेनाचा. एलेना त्या मुलीच्या आईपुढे, तेरेझापुढे, गुडघ्यांवर बसते आणि क्षमा मागते. तेरेझा तिच्या थोबाडीत मारते. तेरेझा गोरी, श्रीमंत, उभी. एलेना जमिनीवर.

मला तो भाग उत्तम वाटला, हेही कबूल करते. लिलिया काब्रालने तेरेझा फार ताकदीने केली होती. नाट्य होतं, आईचं दुःख होतं. मी अभिनय बघत बसले.

दुसऱ्या दिवशी दोना आली ती गप्प. भांडी आवरली, फरशी पुसली. मी कॉफी पुढे केली तेव्हा म्हणाली, 'नायिकेला गुडघ्यावर बसवायचं होतं तर आधी सांगायचं. मी पोरीला मुद्दाम जागं ठेवलं होतं.'

मी समजूत घालायला गेले. म्हटलं, कथेची गरज आहे, एलेना चुकली आहे, गोरी एलेना असती तरी हेच झालं असतं. ती म्हणाली, 'गोऱ्या एलेनांना मी लहानपणापासून बघते. एक तरी गुडघ्यावर बसलेली दाखवा.' मला आठवेना.

पुढचे महिने कथा हळूहळू लुसियानाकडे सरकली. तिचं अपंगत्व, तिची जिद्द, तिचं प्रेम हाच मालिकेचा गाभा झाला. एलेना होती, नाव होतं, पण ती बाजूला. सगळीकडून ताईसवर टीका झाली, ती नायिका म्हणून कमी पडली म्हणून. ते काम आपल्याला किती जड गेलं, हे तिने स्वतः पुढे मुलाखतींत उघडपणे सांगितलं आहे. आणि मला त्या हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, पहिल्यांदा शंका आली की मी मोजायचं ते मोजलंच नव्हतं. चेहरा कुणाचा एवढंच बघितलं होतं. त्या चेहऱ्याने काय करायचं, किती वेळ करायचं, कथा हवी तेव्हा त्याच्यापासून काढून कुणाला द्यायची, हे ठरवणारे हात कुणाचे, हे बघितलं नव्हतं. त्या हातांत बाउआनचीही कथा होती, आणि ती कुठे गेली हे मी त्याच वर्षी पाहिलं होतं.

पण माझं मत खऱ्या अर्थाने पालटलं ते एका टॉवेलमुळे. एकदा दोनाने सहज सांगितलं, की लहानपणी ती पिवळा टॉवेल डोक्याला बांधून आरशासमोर उभी राहायची. टॉवेलची टोकं खांद्यावरून मागे झटकायची. ते सोनेरी केस. ती 'पाकिता' व्हायची.

पाकिता कळायच्या तर शूशा कळायला हवी. तिचं खरं नाव मारिया दा ग्रासा मेनेगेल. दक्षिणेकडच्या सांता रोझा गावी 1963 मध्ये जन्मली. किशोरवयातच मॉडेल. 1983 मध्ये मांशेत वाहिनीवर मुलांचा कार्यक्रम करू लागली आणि 30 जून 1986 पासून ग्लोबोवर 'शोउ दा शूशा' सुरू झाला. 1992 च्या शेवटापर्यंत सकाळी सकाळी देशभरातली मुलं तिच्यासमोर बसलेली असत. ती गुलाबी अवकाशयानातून उतरायची. सोनेरी केस, उंच बूट, आखूड झगमगीत कपडे. निघताना गालावर लिपस्टिकचा ठसा. तिच्या भोवती तिच्या मदतनीस मुली, त्या पाकिता : शिपायांसारखे पोशाख, पांढरे बूट आणि तेच सोनेरी केस. देशात हजारो मुलींना पाकिता व्हायचं होतं. त्या कार्यक्रमाच्या पाकितांत एकही काळी मुलगी कधी नव्हती.

हा तो देश, ज्याच्या 2022 च्या जनगणनेत 45.3 टक्के लोकांनी स्वतःला 'पार्दो', म्हणजे मिश्र वर्णाचे, सांगितलं आणि 10.2 टक्के लोकांनी काळे. गोरे 43.5 टक्के. त्या काळात प्रमाण थोडं वेगळं होतं, पण सकाळी टीव्हीसमोर बसलेली निम्मी मुलं तरी त्या यानातून उतरणाऱ्या बाईसारखी दिसणं कदापि शक्य नव्हतं. त्यांच्या कल्पनेला कुणी जागाच ठेवली नव्हती. उरला टॉवेल.

आणि याच शूशाचं 1980 च्या सुमारापासून 1986 पर्यंत पेलेशी नातं होतं. मासिकांच्या मुखपृष्ठांवर दोघं. बघा, आमच्याकडे भेद नाही, याचा याहून देखणा पुरावा कुठला? मीही तो फोटो बघून तेच म्हणाले असते. फोटोत काळा पुरुष आहे आणि गोरी मुलगी. त्याच्या जागी काळी बाई आणि तिच्या शेजारी गोरा नायक अशी चित्रं किती होती, हे कुणी विचारत नव्हतं.

टॉवेलची गोष्ट ऐकल्यावर मी जुनं शोधायला लागले. झोएल झितो अराउजो यांचा 'आ नेगासाओ दो ब्राझील' हा 2000 सालचा माहितीपट मिळवला. नोव्हेलांतल्या काळ्या माणसांचा हा इतिहास. तो बघताना मी दोनदा थांबवला. 1969 मध्ये ग्लोबोने अंकल टॉमची कथा नोव्हेलेत आणली, तेव्हा टॉमचं काम सेर्जिओ कार्दोझो या गोऱ्या नटाला दिलं, अंगाला काळा रंग फासून. नाटककार प्लिनिओ मार्कोस यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. त्याच नोव्हेलेत रुथ दे सोउझा होती. 1944 मध्ये आब्दियास दो नासिमेंतो यांनी उभ्या केलेल्या काळ्यांच्या प्रायोगिक रंगभूमीतून आलेली, 1945 मध्ये रिओच्या म्युनिसिपल थिएटरच्या मंचावर उभी राहिलेली पहिली काळी नटी. अशी माणसं देशात असताना रंगाचा डबा उघडावा लागला. आणि 1976 ची जगभर गाजलेली 'एस्क्राव्हा इझाउरा', गुलाम मुलीची करुण कहाणी. ती गुलाम मुलगी गोरी. 1875 च्या मूळ कादंबरीतच ती गोरी आहे. प्रेक्षकाला गुलामाबद्दल कळवळा यावा म्हणून गुलामाला गोरं करायचं, ही युक्ती टीव्हीच्याही आधी शंभर वर्षांची.

माझ्या लेखात मी विचारलं होतं, मराठीत काळी नायिका कधी. 2019 मध्ये मराठीत सावळ्या नायिकेची 'रंग माझा वेगळा' आली, लोकांनी ती उचलून धरली. नायिकेचा रंग मेकअपने गडद केलेला होता. मी 1969 चा तो डबा विसरू शकले नाही.

लेलिया गोन्झालेझ या विदुषीचा एक निबंध मला कारखान्यातल्या एका सहकारिणीने दिला. मूळच्या त्या मिनास जेराइसच्या, 1994 मध्ये गेल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : कार्निव्हलच्या मिरवणुकीत जिला डोक्यावर घेतात ती 'मुलाता' आणि वर्षभर जी दुसऱ्याचं घर पुसते ती मोलकरीण, या दोन बायका नाहीत. एकच बाई आहे, तिला कुठे बघता त्यावर नाव बदलतं. हे वाचलं आणि मला ग्लोबोवर जानेवारी-फेब्रुवारीत दिसणारी 'ग्लोबेलेझा' आठवली. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून ग्लोबो कार्निव्हलच्या दिवसांत एक काळी नर्तकी दाखवायची, अंगावर कपड्यांऐवजी रंग आणि चमक्या. व्हालेरिया व्हालेन्सा कैक वर्षं ती होती. दिवसभरात कितीदा तरी ती पडद्यावर झळकायची. वर्षातल्या इतर दिवशी तितक्या वेळा काळी बाई त्या पडद्यावर मला दिसली नाही, आणि दिसली तेव्हा बहुधा ट्रे हातात घेऊन.

मी परत आले होते, तरी 2013 मध्ये बातमी वाचली : नायारा जुस्तिनो लोकांच्या मतांनी ग्लोबेलेझा निवडली गेली. ती गडद काळी होती. तिच्या रंगावरून तिला लाज वाटेल अशा शिव्या पडल्या, आणि 2015 च्या कार्निव्हलला तिच्या जागी उजळ रंगाची नर्तकी आली. म्हणजे नागवं नाचवायलाही एका ठरावीक छटेपर्यंतचीच बाई चालते. मी माझ्या लेखात रंगाबद्दल लिहिलं होतं, बाईबद्दल लिहिलं नव्हतं. ही दोन ओझी एकाच खांद्यावर असतात, हे मला दोना रोज दाखवत होती आणि मी बघत नव्हते. 2017 मध्ये ग्लोबेलेझाला पहिल्यांदा पूर्ण कपडे मिळाले.

इथवर आल्यावर माझा सगळा राग शूशावर गेला. कैक वर्षं मी तिच्याबद्दल कडवटपणे बोलले. त्यातही मला पुन्हा एकदा मागे यावं लागलं. मे 2012 मध्ये तिने ग्लोबोच्या रविवारच्या कार्यक्रमात सांगितलं, की तेरा वर्षांची होईपर्यंत तिच्यावर लैंगिक अत्याचार झाले होते. 2023 मध्ये तिच्यावरचा माहितीपट आला. त्यात ती आणि तिच्या कार्यक्रमाच्या जुन्या दिग्दर्शिका मार्लेनी मातोस समोरासमोर बसतात आणि शूशा त्या वर्षांत सोसलेल्या जाचाबद्दल बोलते. ज्या मुलीला देशाने राणी म्हटलं, तिच्या शरीरावर, वेळेवर, बोलण्यावर तिची स्वतःची सत्ता फारशी नव्हती. ती साच्यात ओतलेली होती आणि तिच्याकडे बघून लाखो मुली त्याच साच्यात बसायचा प्रयत्न करत होत्या. यामुळे पाकितांचा हिशेब मिटत नाही. पिवळा टॉवेल तिथेच राहतो. पण तो टॉवेल एका बाईने दुसरीच्या डोक्यावर बांधला असं मी म्हणत होते, ते अपुरं होतं. त्या सोनेरी केसांवर खेळणी, बूट, कपडे, तबकड्या विकल्या जात होत्या. जे खपत होतं ते दाखवलं जात होतं, आणि जे दाखवलं जात होतं तेच खपत होतं.

एक तारीख मला इथे सांगावीशी वाटते. जोतीरावांनी 'गुलामगिरी' 1873 मध्ये छापली आणि अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्या वेळी ब्राझीलमध्ये माणसं विकली जात होती. मुंबईत जोतीरावांना 'महात्मा' ही पदवी दिली गेली 11 मे 1888 रोजी. ब्राझीलमध्ये गुलामी कायद्याने संपली 13 मे 1888 रोजी, दोनच दिवसांनी. दोन्ही अमेरिका खंडांत सर्वांत शेवटी. ज्या देशाच्या मुक्तीला आपल्या महात्म्याच्या पदवीइतकीच वर्षं झाली, त्या देशाचा प्रश्न एका नायिकेने सुटला, असं फुल्यांच्या भाषेत लिहिणाऱ्या बाईने म्हणावं, हे मला आता सहन होत नाही.

मग काहीच बदललं नाही, असं आता म्हणू का? तेही खोटं ठरेल. 2018 मध्ये ग्लोबोने बाहियात घडणारी 'सेगुंदो सोल' आणली, आणि बाहियासारख्या बहुसंख्य काळ्यांच्या प्रदेशातली ही कथा बहुतांश गोऱ्या नटांच्या हाती दिली. तेव्हा लोक नुसते चिडून थांबले नाहीत. कामगार हक्कांच्या सरकारी अभियोक्त्यांनी वाहिनीला लेखी बजावलं. माझ्या काळात हे घडताना मी पाहिलं नव्हतं. 2023 च्या 'वाय ना फे'मध्ये शेरोन मेनेझेसने रस्त्यावर जेवणाचे डबे विकणारी, चर्चमध्ये गाणारी सोल उभी केली, आणि तिच्या घरातली माणसं, तिची आई, तिच्या मुली, सगळे आपापल्या कथेचे धनी होते. 2024 च्या शेवटी तर सहाच्या, सातच्या आणि नऊच्या तिन्ही नोव्हेलांच्या नायिका एकाच वेळी काळ्या होत्या. हे मोजणं मी सोडलेलं नाही. मोजायलाच हवं. फक्त मोजून झाल्यावर लेखणी खाली ठेवायची नाही, एवढं मी शिकले.

2025 मध्ये 'व्हाले तुदो'ची नवी आवृत्ती आली. 1988 ची मूळ नोव्हेला ब्राझीलमध्ये दंतकथा झालेली आहे. तिची नायिका राकेल समुद्रकिनाऱ्यावर सँडविच विकते आणि स्वतःच्या बळावर मोठी होते. मूळ राकेल होती रेजिना दुआर्ते, तीनदा एलेना झालेली तीच. नवी राकेल ताईस अराउजो. मधल्या भागांत कथेने राकेलचं सगळं हिरावून घेतलं आणि तिला परत किनाऱ्यावर सँडविच विकायला बसवलं. ताईसने मुलाखतीत स्पष्ट सांगितलं, की तिला काळ्या बाईच्या वर येण्याची कथा सांगायची होती, आणि हे वळण बघून तिला धक्का बसला. मालिका चालू असताना ती हे बोलली.

दोनाचा मला त्या आठवड्यात आवाजी निरोप आला. आम्ही अजून वर्षातून चार-दोनदा बोलतो. ती म्हणाली, 'या वेळी ती बोलली, ऐकलंत ना?' तिची मुलगी आता पंचवीस वर्षांची आहे. तिने त्या रात्री टीव्ही लावला होता की नाही, ते मी विचारलं नाही.

2009 चा तो दिवाळी अंक कुणाच्या घरी, कुठल्या गावच्या वाचनालयात अजून असेल, तर माझी एक विनंती आहे. माझ्या लेखाचं शेवटचं पान काढा आणि 'त्यांचा प्रश्न सुटला' हे तीन शब्द पेनाने खोडा. समासात लिहा, लेखिकेने मागे घेतले.